हरण की स्वयंवर? मराठी अद्भुतरम्य कथेतील नायिकेचे शील

एकाच घटनेस दोन नावे रूढ असली म्हणजे भाषेच्या अभ्यासकाने तेथे थोडे थांबावे. विदर्भराज भीष्मकाची कन्या रुक्मिणी हिचा विवाह तिचा भाऊ रुक्मी याने शिशुपालाशी ठरविला. तिने ब्राह्मणाच्या हाती द्वारकेस निरोप धाडला आणि अंबिकेच्या देवळातून परतताना कृष्णाने तिला रथात घेतले. ह्या घटनेस कोणी 'रुक्मिणीहरण' म्हणतात, तर मराठी कवी बहुधा 'रुक्मिणीस्वयंवर' म्हणतात. पहिल्या नावात कर्ता कृष्ण असून रुक्मिणी हे कर्म आहे. दुसऱ्या नावात कर्तेपण रुक्मिणीकडे आले आहे. वस्तुतः येथे स्वयंवराचा मंडप उभारलाच नव्हता. भागवताच्या दशम स्कंधात खुद्द रुक्मिणीच आपल्या निरोपात राक्षसविधीने आपणास न्यावे अशी विनंती करते. म्हणजे हरणाची योजना जिचे हरण व्हावयाचे तिचीच आहे! मराठी कवींनी 'स्वयंवर' हे नाव पत्करले, ते कथेचा हा गाभा ओळखूनच, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे सहा शतकांनी मराठीत अद्भुतरम्य कादंबरी जन्मास आली तेव्हा तिनेही अशीच नायिका घेतली. ती वयात आलेली आहे, तिने आपला वर मनाने निवडलेला आहे. परंतु ही निवड तिला फुकट मिळालेली नाही. कथेने तिला वय दिले, निवड दिली, आणि त्या निवडीने ती बाटली नाही हे सिद्ध करण्यात उरलेली सर्व पाने खर्ची घातली. स्वयंवर मान्य झाले, परंतु हरणाच्या अग्नीतून तावून निघाल्यावरच. हा व्यवहार कसा ठरला आणि त्यास प्रथम कोणी हरकत घेतली, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

रुक्मिणीच्या कथेची मराठी परंपरा आपल्याच परिसरातली आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यापासून वेगळा झाला. वाङ्मयाच्या इतिहासात मात्र ही सीमा अर्थातच नाही. महानुभाव कवी भास्करभट्ट बोरीकर हा ज्या बोरीचा, ती परभणी जिल्ह्यातील बोरी मानली जाते. त्याच्या आधी तेराव्या शतकाच्या अखेरीस नरेंद्राने 'रुक्मिणीस्वयंवर' रचले होते, आणि त्याच सुमारास महदंबेने ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या निमित्ताने 'धवळे' गाइले. महदंबा ही मराठीतील पहिली ज्ञात कवयित्री. तिनेही विषय घेतला तो रुक्मिणीचाच. आद्य कवयित्रीने स्वतः वर निवडणाऱ्या मुलीचे गाणे गावे, ह्या योगायोगाकडे आमच्या वाङ्मयेतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही.

भास्करभट्टाच्या काव्याचे नाव 'शिशुपालवध' असले तरी वध हा त्यात नावापुरता आहे. कवीचे चित्त रमते ते कृष्ण-रुक्मिणीच्या शृंगारात. ग्रंथ सिद्ध झाल्यावर भावेदेवव्यासाने त्यावर दिलेला अभिप्राय महानुभाव परंपरेने जपून ठेवला आहे. ग्रंथ उत्तम आहे, परंतु तो प्रवृत्त जनांच्या उपयोगाचा, निवृत्तांच्या नव्हे, असा त्याचा आशय. भास्करभट्टाने हा अभिप्राय मनावर घेतला आणि पुढे 'उद्धवगीता' लिहून निवृत्तीची बाजू पुरी केली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. भावेदेवव्यासाचा आक्षेप शृंगारास आहे, रुक्मिणीस नाही. वाचकाचे मन विचलित होईल ही त्याची चिंता. नायिकेने स्वतः वर निवडला म्हणून ती उणी ठरली, असे तो म्हणत नाही. शुद्धीचे ओझे येथे वाचणाऱ्या संन्याशावर आहे. ते पुढे नायिकेच्या माथी आले.

एकनाथांनी १५७१ मध्ये काशीस 'रुक्मिणीस्वयंवर' पूर्ण केले आणि ह्या कथेस घरोघर स्थान मिळाले. उपवर मुलीचा विवाह लवकर जुळावा म्हणून ह्या ग्रंथाचे पारायण करण्याची चाल महाराष्ट्रात आजही आहे. भावाने ठरविलेले स्थळ नाकारून निघून जाणाऱ्या मुलीची कथा, वडीलधाऱ्यांनी स्थळ ठरवावे म्हणून वाचावयाची! रूढीने कथेस गिळले, परंतु कथेची अक्षरे तशीच राहिली.

आता शब्दांकडे वळू. संस्कृत 'अस्' धातूचे वर्तमानकालवाचक कृदन्त 'सत्'. त्याच्या पुल्लिंगी प्रथमा बहुवचनापासून, 'सन्तः' ह्या रूपापासून, मराठीत 'संत' आला. आणि त्याच कृदन्ताचे स्त्रीलिंगी रूप 'सती'. एकाच शब्दाची ही दोन लिंगे. परंतु अर्थाच्या दृष्टीने ती भावंडे राहिली नाहीत. संताचे संतपण त्याच्या आणि ईश्वराच्या नात्यावर ठरते, सतीचे सतीपण तिच्या आणि पतीच्या. पुरुषाचा सद्गुण त्याचा स्वतःचा असतो. स्त्रीचा सद्गुण दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतो. ज्या नर्सी गावी नामदेवांचा जन्म झाला असे मानतात ते आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि त्यांच्या घरची जनाबाई शेजारच्या गंगाखेडची. तिला आपण 'संत जनाबाई' म्हणतो, पुल्लिंगी शब्द तसाच ठेवून. वारकरी परंपरेने व्याकरण वाकविले नाही. तिने स्त्रीला पुरुषाच्या रकान्यात बसविले. ते करावे लागले, कारण स्त्रीलिंगी रकाना आधीच भरलेला होता.

'एकपत्नी' ह्या शब्दाचा प्रवास याहून बोधप्रद आहे. संस्कृतात 'एकपत्नी' म्हणजे जिला एकच पती आहे अशी स्त्री. 'मेघदूता'त कालिदासाने विरहिणी यक्षपत्नीस हेच विशेषण लाविले आहे. मराठीत हा शब्द पुरुषाकडे गेला. 'एकपत्नीव्रत' म्हटले की रामचंद्राचे नाव येते, आणि ते व्रत इतके असामान्य मानले गेले की त्यासाठी अवतारी पुरुषाचाच दाखला द्यावा लागतो. 'पतिव्रता' हा शब्द मात्र कोणत्याही घरातल्या सुनेस लागू होतो. पुरुषाच्या बाबतीत जो पराक्रम, तो स्त्रीच्या बाबतीत किमान अट.

'सोवळे' हा तिसरा शब्द. पुरुष सोवळ्यात असतो तो पूजेपुरता वा भोजनापुरता. पीतांबर सोडला की सोवळे संपले. परंतु 'सोवळी' हे विशेषण नाम झाले तेव्हा त्याचा अर्थ झाला केशवपन केलेली विधवा. पुरुषाची जी तात्पुरती अवस्था, ती स्त्रीची जन्माची ओळख बनली. 'बाटणे' ह्या क्रियापदाचेही तसेच. पुरुष बाटतो तो स्वतःच्या खाण्यापिण्याने वा धर्मांतराने. स्त्री बाटते ती दुसऱ्याच्या कृत्याने. पळवून नेणारा बाटत नाही, नेलेली बाटते. आणि 'शील' हा मुळात स्वभाव, आचरण अशा व्यापक अर्थाचा शब्द. बौद्धांच्या पंचशीलात तो स्त्रीपुरुषांस सारखाच लागू आहे. स्त्रीच्या संदर्भात मात्र तो देहापुरता आकुंचन पावला आणि एखाद्या दागिन्यासारखा 'लुटला' जाऊ लागला. आजही भारतीय न्याय संहितेच्या ७४ व्या कलमातील गुन्ह्यास आपण मराठीत 'विनयभंग' म्हणतो. विनय हा मनाचा गुण. तो दुसऱ्याच्या हाताने कसा भंगतो, हे शब्दशास्त्रास तरी उलगडत नाही.

अशी भाषा ज्यांच्या हाती होती त्यांनी कादंबरी लिहावयास घेतली तेव्हा तिचे नावही एका नायिकेवरून पडले. बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून मराठीने ह्या वाङ्मयप्रकारास नाव दिले. नावाबरोबर बाणाचा एक संकेतही आला. बाणाच्या कथेत पुंडरीक विरहाने मरतो, वैशंपायन म्हणून जन्मतो, शापाने पोपट होतो. चंद्रापीड मरतो आणि शूद्रक म्हणून जन्मतो. पुरुषांना ह्या कथेत जन्मामागून जन्म आहेत. महाश्वेता आणि कादंबरी ह्यांना मात्र एकच जन्म आहे आणि त्या जन्मात एकच काम: प्रतीक्षा. एक तपस्विनी होऊन सरोवराकाठी बसते, दुसरी प्रियकराच्या निश्चेष्ट देहाची राखण करते. बाणाच्या प्रतिभेपुढे नम्र होऊनही हे नमूद केले पाहिजे.

दुसरा वारसा लोककथांचा. श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८१४ मध्ये वैजनाथशास्त्र्यांची 'सिंहासनबत्तीशी' निघाली. १८३० मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' आली. शुकबहात्तरीच्या गोष्टी जुन्याच होत्या. तीत पोपट रोज रात्री एक गोष्ट सांगून धन्याच्या बायकोस परपुरुषाकडे जाण्यापासून अडवितो. अरबी गोष्टींच्या आरंभी बादशहा व्यभिचाराच्या संशयाने रोज एका स्त्रीचा वध करितो. दोन्ही ठिकाणी गोष्ट सांगण्याचे निमित्त स्त्रीच्या शीलाचा संशय हेच आहे, हे गमतीचे खरे, परंतु विचार करावयास लावणारेही आहे.

लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ मध्ये प्रसिद्ध झाली, 'रत्नप्रभा' १८६६ मध्ये. नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ ची, केशव लक्ष्मण जोरवेकर यांची 'विचित्रपुरी' १८७० ची. काल्पनिक नगरे, राजपुत्र, कारस्थानी प्रधान, भुयारे, वेषांतरे आणि शेवटी सर्वांची भेट, हा ह्या वर्गाचा ठरीव साज. विशेष लक्षणीय आहे ती 'मंजुघोषे'ची प्रस्तावना. रिसबूड तेथे आपली अडचण मोकळेपणाने मांडतात. आम्हा हिंदूंच्या विवाहाविषयीच्या कल्पना व इतर काही कारणे ह्यांमुळे आमच्या आयुष्यक्रमात मनोवेधक असे गुणही नाहीत आणि दुर्गुणही नाहीत; रोजच्या अनुभवाचे लिहावे तर त्यात चित्त वेधणारे काही सापडत नाही; म्हणून मनोरंजक पुस्तक लिहू पाहणारास अद्भुताचा आश्रय करावा लागतो, असा त्यांचा युक्तिवाद.

ह्या प्रस्तावनेवर टीकाकारांनी वास्तववादाच्या अंगाने पुष्कळ लिहिले आहे. तिच्यातील खरी माहिती वयाची आहे. १८६० च्या दंडसंहितेत संमतीचे वय १० होते. १८९१ मध्ये ते १२ करावयाचे म्हणताच महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला हे सर्वश्रुत आहे. रुखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी झाला होता. जाणत्या वयात त्यांनी नांदावयास जाण्याचे नाकारले तेव्हा खटला १८८४ पासून १८८८ पर्यंत चालला, आणि १८८७ मध्ये न्यायालयाने त्यांस नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा पर्याय दिला. ज्या समाजात मुलीचा विवाह ती प्रीती ह्या शब्दाचा अर्थ जाणण्याआधीच होतो, तेथे प्रीतीची कथा घडणार कोठे? तेव्हा लेखकाने नकाशावर नसलेले एक राज्य काढले आणि तेथे मुलीस वाढू दिले. मंजुघोषा अद्भुत आहे ती केवळ अचाट प्रसंगांमुळे नव्हे. ती उपवर असून अविवाहित आहे, हेच त्या काळच्या पुणे-मुंबईच्या वाचकास सर्वांत मोठे अद्भुत होते.

पण ही सूट घेताच लेखकाला धास्ती पडली असावी. एवढी वाढलेली मुलगी, रक्षणकर्ता जवळ नाही, वाटेत खलपुरुष. वाचकाच्या मनात एकच प्रश्न उभा राहणार, आणि त्याचे उत्तर लेखकाने पदोपदी दिले. नायिका पळविली जाते, कोंडली जाते, तिला धमक्या आणि प्रलोभने दाखविली जातात. आणि ऐन क्षणी कोणी तरी येते, किंवा ती मूर्च्छित पडते. मूर्च्छेचे प्रयोजन मला वाटते असे आहे की मूर्च्छित स्त्री दोषी धरता येत नाही. 'मुक्तामाले'ची नायिका विवाहित असून पतीपासून तिची ताटातूट होते. तेथेही कथेस पुढे ढकलणारी शक्ती तीच. शील हे ह्या कादंबऱ्यांत बोधाचे कलम नाही, ते रहाटाचे चाक आहे. ते काढून घेतले तर भुयारे आणि वेषांतरे जागच्या जागी थांबतील. नायकाची अशी परीक्षा कोठेच नाही. त्याच्यापुढे संकटे येतात ती तलवारीची. त्याने वाटेत दुसऱ्या राज्यात दुसरी राजकन्या वरली तरी कथेस ठेच लागत नाही. युरोपातही हा प्रकार अपरिचित नव्हता. रिचर्डसनच्या १७४० मधील 'पामेला'त शील राखल्याचे बक्षीस म्हणून नायिकेस छळणारा धनीच पती म्हणून मिळतो.

काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ च्या 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंधा'त ह्या पुस्तकांची परीक्षा केली. परंतु ती परीक्षा कलेच्या आणि संभवनीयतेच्या मापाने. नायिकेच्या बाजूने प्रश्न विचारावयास दहा वर्षे लागली, आणि तो प्रश्न पुण्या-मुंबईतून आला नाही. तो आला वऱ्हाडातील बुलढाण्याहून. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी पैनगंगा त्याच बुलढाण्याच्या डोंगरात उगम पावते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेले आणि हिंगोली निजामाच्या मुलखात राहिली. त्यामुळे एकाच खोऱ्यातील दोन काठांचा विद्याभ्यास वेगळ्या वाटांनी गेला. असो.

सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या विधवेस अर्भकहत्येबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली. पुढे मुंबईच्या उच्च न्यायालयाने ती काळ्या पाण्यावर आणली. ह्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जी झोड उठली तिला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात १८८२ मध्ये तिच्या ५०० प्रती निघाल्या. किंमत नऊ आणे. ताराबाईंनी आपला रोख केवळ वृत्तपत्रांवर ठेविला नाही. 'स्त्रीचरित्र', 'मुक्तामाला', 'मंजुघोषा', 'मनोरमा' नाटक अशा पुस्तकांनाही त्यांनी जाब विचारला. साहस, कपट, व्यभिचार हे दोष स्त्रियांच्या अंगी जेवढे दिसतात तेवढेच पुरुषांच्या अंगी नाहीत काय, हा त्यांचा मूळ प्रश्न. सावित्री पतीचे प्राण मागावयास यमाच्या दारी गेली. बायकोसाठी त्या वाटेने पाऊल टाकणारा एखादा पुरुष कोणी ऐकिला आहे काय, असे त्या विचारतात.

ह्या एका प्रश्नाने अद्भुत कथेचे सारे यंत्र उघडे पडते. कथेत अद्भुत घडू शकते, विमाने उडतात, मेलेले उठतात. तरीही पत्नीसाठी यमाच्या दारी जाणारा पुरुष कल्पनेतसुद्धा येत नाही. कल्पनाशक्तीची मर्यादा कोठे आहे हे यावरून कळते. ताराबाईंची भाषा रोखठोक, बोलीच्या वळणाची, प्रसंगी कठोर आहे. पंडिती निबंधाची शिस्त तीत शोधू नये. पण आमच्या मते एकोणिसाव्या शतकातील मराठी टीकालेखनात कादंबरीच्या संकेतांवर एवढे अचूक बोट दुसऱ्या कोणी ठेविलेले नाही. तिच्यावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुले यांनी १८८५ च्या 'सत्सारा'त तिची बाजू घेतली. त्यानंतर ग्रंथ विस्मृतीत गेला, तो १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी संपादून पुन्हा उजेडात आणीपर्यंत. ताराबाईंनी दुसरे पुस्तक लिहिलेले आढळत नाही.

हरिभाऊ आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' ह्या कादंबरीचे प्रकाशन १८९० पासून 'करमणुकी'तून सुरू झाले आणि अद्भुताची सद्दी संपली, असे वाङ्मयेतिहास सांगतो. यमूच्या केशवपनाने 'सोवळी' ह्या शब्दाची किंमत वाचकास कळली, हे खरे. पण अद्भुत संपले नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०२ च्या 'कादंबरी' ह्या निबंधात त्याची जोरदार पाठराखण केली, आणि १९१३ मध्ये नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने ते पुन्हा लोकप्रिय करून दाखविले. रसिक तरुण वाचकवर्ग त्या वाटेने आजही जातो. पुस्तकांची मुखपृष्ठे बदलली, तटबंदीतील राजकन्या तीच आहे. तिचे वय हा विषयही इतिहासजमा झालेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४८ टक्के स्त्रियांचे विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले आढळले. रिसबुडांची अडचण आमच्या भागात निम्म्या घरांतून अद्याप शिल्लक आहे.

काशीबाई कानिटकर यांचा जन्म १८६१ चा, म्हणजे 'मुक्तामाले'च्याच वर्षीचा. त्यांनी १९२८ मध्ये 'पालखीचा गोंडा' प्रसिद्ध केली, ती वास्तव कादंबरी नव्हे. तीतही रिसबुडांप्रमाणेच नकाशावर नसलेले एक संस्थान आहे. मात्र ह्या संस्थानात भुयारात कोंडलेली राजकन्या नाही. तेथे स्त्रिया राज्यकारभार पाहतात, आणि कादंबरीची पाने त्या कारभाराच्या हकीकतीत जातात.